फर्नांडिस अंकलची नवी रेकॉर्ड

पेपरात छापता येत नाही ते कुठे जातं? बातमीदाराच्या पोटात! बेळगावात इतकी वर्षं बातमीदारी केली. छापलेलं सगळं रद्दीत गेलं, न छापलेलं तेवढं शिल्लक आहे. त्यातलेच हे काही किस्से, फर्नांडिस अंकलचे.

अंकल लष्करी बँडातून रिटायर झालेले, कॅम्पात एकटेच राहायचे. त्यांच्याकडे एका अमेरिकन ब्लूज-रॉक बँडची लाइव्ह रेकॉर्ड होती, भर कार्यक्रमात टाळ्यांसकट उतरवलेली. रविवारी चर्च आटोपलं की ती लागायची. ऐकायला दोघंच: मी आणि शहापूरचा मारुती. मारुतीच्या घरी साड्यांचे पॉवरलूम.

*

मारुती पहिल्यांदा आला तेव्हाची गोष्ट. त्या रेकॉर्डवर ऐन रंगात गिटारची तार तुटते. स्वच्छ ऐकू येतं. मारुती ताडकन उठला आणि त्यानं सुईच उचलली!

"अरे, काय केलंस?" अंकल ओरडले.

"तुटली न्हवं? मग? जोडल्याबिगर चालू ठेवत्यात व्हय? सगळं कापड वाया जाईल की!"

*

पुढे अंकलचे कान जायला लागले. डॉक्टरनं वर्षाची मुदत दिली. रेकॉर्डही वाजून वाजून घासलेली, नुसती खरखर.

"कान गेले की रेकॉर्ड गेली, तेच कळत नाही रे," अंकल म्हणायचे.

त्याच सुमारास तीच रेकॉर्ड कंपनीनं पुन्हा काढल्याची जाहिरात आली. अंकलनी माझा हात धरला. "कान आहेत तोवर एकदा नीट ऐकव, मॅन."

मी कोल्हापूरच्या दुकानात ऑर्डर दिली. त्या गृहस्थानं 'पुढच्या आठवड्यात' असं सांगत सात महिने खाल्ले! मंत्र्यांनासुद्धा मी इतका वेळ दिलेला नाही.

*

दरम्यान मी या रेकॉर्डवर चार परिच्छेद लिहिले. संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कार्यक्रम कुठं झाला?"

"अमेरिकेत."

"कधी?"

"झाली की दहा-बारा वर्षं."

"आणि बातमी आज?"

"रेकॉर्ड आता बाजारात येतीय ना!"

"बाजारात ना? मग बरोबर," म्हणाले, आणि मजकूर बाजारभावात टाकला. वर गूळ, खाली तंबाखू, मधे माझे चार परिच्छेद! दुसऱ्या दिवशी निपाणीहून एका व्यापाऱ्याचा फोन: "ब्लूजचा दर छापायचा राहिला बघा."

*

अखेर रेकॉर्ड आली. येताना एसटीत तुफान गर्दी. निपाणीला कंडक्टर म्हणाला, "ते पुढं इंजिनच्या बॉनेटवर ठेवा की." त्या तापलेल्या बॉनेटवर! पापड झाला असता. बेळगावपर्यंत मी उभा, रेकॉर्ड छातीशी.

"हाय तरी काय त्यात?"

"गाणी."

"मग एवढं तोंड पाडून का उभारलाय, साहेब?"

*

रविवारी रेकॉर्ड लावली. तोवर अंकलचे कान जवळजवळ गेलेले. कानाशी ओरडलं तर चार शब्द पोचायचे. त्यांनी दोन्ही तळवे स्पीकरच्या लाकडी बॉक्सवर ठेवले आणि डोळे मिटले. बोटं ठेक्यावर हलत होती. एकही ठेका चुकला नाही.

गाणं संपलं. आणि एकदम सन्नाटा! मी कव्हर उलटून पाहिलं. मागे दिमाखात छापलेलं: 'श्रोत्यांचा अनावश्यक गोंगाट काढून टाकला आहे.' अरे नालायकांनो, लाइव्ह रेकॉर्डमधून माणसंच काढलीत? मी तिथल्या तिथं कंपनीला पत्र लिहायला पेन काढलं.

अंकलनी डोळे उघडले. तळवे अजून बॉक्सवरच. चेहरा उतरलेला.

"काय रे हे? एवढं वाजवलं बिचाऱ्यांनी, आणि एकानं पण टाळी नाही दिली?"

मारुतीनं माझ्याकडं पाहिलं. मग खाली बसला आणि दोन्ही हातांनी बॉक्स बडवायला लागला. "पेपरवाले, बघत काय बसलाय? या की हिकडं!"

मी पेन टाकलं. दोघांनी मिळून तो बॉक्स असा बडवला, की फळीवरचा येशू हलला!

अंकल उठले. कोटाचं बटण लावलं, टाचा जुळवल्या, आम्हाला कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले,

"बस, बस! बॉक्स फोडाल, साल्यांनो. दुसरी बाजू अजून बाकी आहे!"