पिशवीत मावणारा लॅपटॉप

फौजेत मी सगळी नोकरी स्टोअरमध्ये काढली. कांबळी, बूट, तंबूचे खुंटे, सगळं माझ्या सहीनं बाहेर जायचं आणि माझ्या नजरेखालून परत यायचं. त्या नोकरीनं मला पेन्शन दिली आणि एक खोडही लावली. समोरचा माणूस तोंड उघडतो तेव्हा तो काय लपवतोय, हे मी आधी शोधतो. बायको म्हणते, देवळात पेढा हातावर ठेवला तरी मी तो आधी उलटा करून बघतो.

तर गेल्या वर्षी हीच बायको म्हणाली, मला लॅपटॉप घ्यायचाय. दहावी झालेली बाई, साठीला आलेली, सातारा जिल्ह्यातल्या औंधजवळच्या आमच्या गावात दोन म्हशींचं आणि घरचं बघणारी. माझे कान लगेच टवकारले.

"तुला कशाला गं लॅपटॉप?"

"शिकायचाय."

"काय शिकायचंय?"

"आवं, आधी घिऊ तर द्या. मग सांगते की."

ते 'मग' काही आलं नाही. पैसे तिचेच होते, दुधाचे साठवलेले, त्यामुळं मला आडवंही पडता येईना.

फौजी कॅन्टीनचं सामान आणायला आम्ही महिन्यातनं एकदा साताऱ्याला जातो. त्याच फेरीत दुकानात शिरलो. दुकानदार फार गोड बोलायला लागला, म्हणजे माझ्या लेखी अर्धा गुन्हा तिथंच शाबीत झाला. त्यानं पुढं केलेल्या पहिल्या लॅपटॉपचा खोका मी मागून घेतला. खोक्यावरचा नंबर आणि लॅपटॉपच्या पोटावरचा नंबर जुळवून पाहिला. चिकटपट्टी आधी कुणी सोडवलीय का, तेही पाहिलं.

"काका, नवा आहे हो," दुकानदार म्हणाला.

"नवा हाय तर कोपरा का घासलाय?"

तो काचेत मांडून ठेवलेला पीस निघाला. मला मनापासून आनंद झाला.

तेवढ्याच किमतीत एक मोठा लॅपटॉप मिळत होता. ऐसपैस पडदा, हातात घेतल्यावर काहीतरी घेतल्यासारखं वाटणारा. माझं मत साफ होतं. एवढ्याच पैशात लहान वस्तू घेणारा माणूस एकतर खुळा असतो, नाहीतर त्याला काहीतरी लपवायचं असतं.

बायकोनं घरून आपली कापडी पिशवी आणली होती. ती एकेक लॅपटॉप उचलून पिशवीत घालून बघायला लागली. मोठा अर्धा बाहेरच राहिला. मधला मावला, पण खांद्याला लावून दुकानात चार पावलं चालल्यावर तिनं मान हलवली आणि तोही परत ठेवला. सगळ्यात लहान होता तो घेऊन ती खुर्चीत बसली, गुडघे जुळवून, एसटीच्या सीटवर बसतात तशी अंग चोरून. अक्षरं मोठी करून दाखवा म्हणाली. मराठी टाइप करून बघितली. चार्जिंग किती तास टिकतं, हे दोनदा विचारलं. दुकानदार सिनेमा कसा दिसतो ते सांगायला लागला, तर म्हणाली, "त्ये मला नको."

"जरा हळू चालतो हा, काकू."

"मला तरी कुटं घाई हाय?"

जाडसर वहीएवढा तो लॅपटॉप तिनं घेतला. मी बिल तीनदा वाचलं, पण डोकं बिलात नव्हतं. पिशवीत मावणारा पाहिजे, म्हणजे घराबाहेर न्यायचा. कुठं?

सांगलीला. तिची धाकटी बहीण तिथं राहते, शाळेच्या ऑफिसात कारकून होती, आता निवृत्त झालीय. बायको दर गुरुवारी तिच्याकडं जायला लागली, पिशवी खांद्याला लावून. घरी मी खोलीत पाय टाकला की झाकण मिटायचं. ती म्हशीकडं गेली असताना मी उघडून पाहिला, तर पासवर्ड. मुलाचं नाव टाकलं, कुलदैवत टाकलं, म्हशीचंसुद्धा नाव टाकून पाहिलं. मनात येऊ नये ते येत होतं. कुणी तिला फसवून कशावर सह्या घेतंय का? बहिणीनं जमिनीचं काही डोक्यात भरवलंय का? त्याच्याही पुढचं आलं, ते लिहायची मला आज लाज वाटते.

एका गुरुवारी ती गेल्यावर मी मागची एसटी धरली. विटा, तासगाव करत सांगलीला उतरलो तेव्हा माझी भाषणाची सगळी तयारी झाली होती.

मेव्हणीचं दार उघडंच होतं. दोघी सतरंजीवर बसलेल्या, समोर पाटावर लॅपटॉप. बायको एका बोटानं टाइप करत होती. मी चपलेसकट आत गेलो आणि पडद्यावर वाचलं, 'मयत सैनिकाचे नाव'. त्यापुढं माझं नाव होतं, आडनावासकट.

"माझ्या मरणाचा अर्ज भरतीस व्हय गं?" मी ओरडलो. शेजारची खिडकी उघडली.

बायको पांढरीफटक पडली. बोलली ती मेव्हणी.

"दाजी, आधी बसा. अर्ज भरत न्हाई आमी. नुसतं नाव घालून अडतंय कुटं, त्ये बघतोय."

आणि मग मला कळलं. आमच्याच आळीतला एक निवृत्त हवालदार वारला, आणि त्याची बायको दोन वर्षं पेन्शनसाठी या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरतेय. फौजेच्या कागदावर तिचं एक नाव, बाकी सगळीकडं दुसरं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात, ते नवऱ्यानं फौजेत कळवलं. शाळेचा दाखला, आधार, बँक माहेरच्या नावावर राहिलं. माझ्या बायकोनं तिची गोष्ट ऐकली आणि घरी येऊन माझी ट्रंक उघडली. आमचंही तसंच होतं. एक कांबळं कमी पडू न देणारा मी, माझ्या आईनं लग्नात बायकोचं ठेवलेलं नाव नोंदवून मोकळा झालो होतो. मी गेलो असतो तर कागदावर माझी बायको अस्तित्वातच नव्हती.

"मी हयात हाय तवर माझ्या एका अर्जानं दुरुस्त हुतंय," मी म्हणालो. "मला का न्हाई सांगितलंस?"

"कसं सांगू?" बायको पहिल्यांदा बोलली. "तुमी बसलाय समोर जेवायला आन् मी म्हणू, तुमी गेल्यावर माझं कसं? गावातल्या कॉम्प्युटरवाल्याकडं गेले आसते तर सांजच्याला पारावर झालं आसतं, हिला नवरा मरायच्या आधीच पेन्शन पायजे म्हणून. आन् तुमी तरी काय म्हणाला आत्ता?"

मी बाहेर जाऊन चपला काढून आलो. इतके दिवस तिच्यावर पाळत ठेवली याची शरम वाटली, आणि ती भीती एकटीनं पिशवीत घालून सांगलीपर्यंत वाहत होती, याची जास्त वाटली.

"सगळीकडं कुटलं नाव ठिवायचं?" मी विचारलं. "माझ्या आईनं ठिवलेलं का शाळेतलं?"

"शाळंतलं," ती लगेच म्हणाली. "त्येच माझं हाय. आईबाप गेल्यापास्नं त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं न्हाई, पर हाय माझंच."

मेव्हणी तिला अक्का म्हणते. मी आयुष्यभर 'अगं' आणि 'ऐकलंस का' वर भागवलं.

अर्ज लगेच लिहायचा ठरला. मी सांगायला लागलो आणि ती टाइप करायला लागली. माझा नंबर, हुद्दा, पलटण. मग पत्नीचं खरं नाव. ते मला ठाऊक होतं, पण तोंडातनं कधी काढलं नव्हतं. मी घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणालो.

टाइप करता करता तिनं 'ओ' दिली.