दोंडाईच्याला कोण गेलं होतं?

आधी माझी चूक सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं काही सांगण्यात अर्थ नाही. जे काम मी केलंच नव्हतं, त्याचं श्रेय मी कित्येक महिने घेत राहिलो. गप्प राहून घेतलं... पण घेतलं.

भास, चमत्कार, अतींद्रिय वगैरे शब्द ऐकले की मी विषय बदलणारा माणूस. पेशाने कॉम्प्युटरचा मास्तर. प्रोग्राम चुकला तर त्याला कारण असतंच, फक्त ते आपल्याला अजून सापडलेलं नसतं — हे मुलांना सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी एम.ई.च्या मुलांना सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवायचो. दर शुक्रवारी दुपारी आम्ही लॅबच्या मागच्या खोलीत जमायचो. एकाने आपल्या संशोधनाचा विषय मांडायचा आणि बाकीच्यांनी तो ठोकूनठाकून नीट करायचा. नियम एकच, तोही मीच घातलेला. टीका करायची असेल, तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. तो "हो, हेच" म्हणाला की मगच पुढे बोलायचं. निम्मी भांडणं तिथेच मिटायची.

त्या शुक्रवारी वसंताची पाळी होती. मुलगा दोंडाईच्याचा, कमी बोलणारा. त्याने गावाकडच्या एका जिनिंग मिलसाठी प्रोग्राम लिहिला होता. कापसाची गाडी काट्यावर आली की आधी शेतकऱ्याचं नाव टाकायचं, मग वजन. पण हंगामात गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. नाव विचारत बसायला वेळ कुणाला? ऑपरेटर नावाच्या जागी नुसता एक्स टाकून गाडी पुढे सोडायचा आणि खरी नावं संध्याकाळी भरायचा. वसंताला यावरच काम करायचं होतं.

"सर, लोक प्रोग्राम असा का—"

"म्हणजे खानदेशातला सगळ्यात मोठा शेतकरी एक्स पाटील!" मी मध्येच म्हणालो. "चोपड्यापासून साक्रीपर्यंत बठ्ठा कापूस त्याचाच!"

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. वर म्हणालो, "हे संशोधन नाही रे. ऑपरेटरला दोन दिवस शिकव, प्रश्न मिटला. विषय बदल."

रेखा नावाची एक फटकळ विद्यार्थिनी होती. ती म्हणाली, "सर, तुम्ही त्याचं म्हणणं परत सांगितलं नाहीत."

"वेळ नाही," मी म्हणालो. वसंताने मान खाली घालून कागद गोळा केले.

पुढच्या शुक्रवारी तो आलाच नाही. मी रेखाला विचारलं.

"तो सोडतोय सर. त्याचा मोठा भाऊ म्हणतो, सरच म्हणतात ना की तुझ्या कामात काही नाही, मग मिलमध्येच बस. मंगळवारी सगळ्यांचे आराखडे विद्यापीठात जाणार. तोवर आला नाही तर वर्ष गेलं... आणि एकदा मिलमध्ये बसला की तो काही परत यायचा नाही."

"मी रविवारी जातो त्याच्या घरी," मी म्हणालो.

रविवारी सकाळी स्टेशनवर गेलो. दोंडाईच्याचं तिकीट काढलं आणि बाकावर बसलो. तिथे पहिल्यांदा मी वसंताचं म्हणणं मनातल्या मनात माझ्या शब्दांत मांडून पाहिलं. जमेना. पुन्हा मांडलं... आणि मग उमगलं. तो ऑपरेटरच्या चुकीबद्दल बोलतच नव्हता! लोक एखाद्या जागी सारखी खोटी माहिती भरतात, तेव्हा प्रोग्राम बनवणाऱ्याचं तिथे काहीतरी विचारायचं राहून गेलेलं असतं — असं त्याला म्हणायचं होतं. आणि ते तपासताही येण्यासारखं होतं. लोक जिथे खोटं भरतात, प्रोग्राममधला पुढचा बदलही ते तिथेच मागतात का? मिलच्या जोडीला दूध संघाचा आणि एखाद्या दवाखान्याचा प्रोग्राम घेतला की झालं. चांगला, भक्कम विषय होता. मी तो हसण्यावारी नेला होता.

गाडी आली. मी उठलो. पण त्याच्या आईसमोर, भावासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? पाय उचललाच नाही. गाडी सुटली, आणि मी तिकीट खिशात घालून घरी आलो.

दुपारभर मी शेजारच्या कुलकर्ण्यांबरोबर गच्चीवर टीव्हीचा अँटेना फिरवत होतो. खालून बायको ओरडत होती, "मुंग्या आल्या! आता दिसतंय... अहो, दिसत होतं ना, कशाला हलवलंत?" हे मुद्दाम सांगतो, कारण त्या दुपारी मी जळगावातच होतो याला दोन माणसं साक्षीला आहेत.

सोमवारी लॅबच्या दारात वसंत उभा. हातात आराखडा, चेहरा उजळलेला.

"सर, काल तुम्ही गेलात आणि मी लगेच लिहायला बसलो."

"काल...?"

"मी सारखं 'नाही सर, असं नाही' म्हणत होतो, रागावला नाहीत ना? पण तुम्ही सोडलंच नाहीत. शेवटी बरोबर सांगितलंत, तेव्हा 'हो, हेच' म्हटलं. भाऊ तर नुसता बघत राहिला. म्हणाला, एवढे मास्तर घरी येतात म्हणजे काहीतरी असेल. जा."

मी आराखडा वाचला. बाकावर मनात आलेला प्रश्न, जसाच्या तसा. दूध संघ. दवाखाना. यातलं अवाक्षरही मी कुणाजवळ काढलं नव्हतं, बायकोजवळसुद्धा नाही.

"सर, खरंच गेलात?" आत बसलेली रेखा म्हणाली. "मला वाटलं, नुसतं म्हणताय!"

मी म्हणालो, "हं."

भीती वाटलीच. पण खोटं कशाला बोलू, भीतीहून सुटकाच मोठी होती. मुलगा परत आला होता. कसाही येवो, कुणीही आणो!

वसंताचं काम छान झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याला तासभर बसवून घेतलं आणि शेवटी उठून हात मिळवला. पण तो कुणालाही "सर स्वतः घरी आले म्हणून" असं सांगायला लागला की मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

निकाल लागल्यावर मी दोंडाईच्याला गेलो. खरोखर गेलो. घर माहीत नव्हतं, दोन ठिकाणी विचारावं लागलं. दारात त्याची आई. त्यांना घरात सगळे अक्का म्हणतात. मला बघताच त्या ओळखीचं हसल्या.

"या सर! मांगला टाइमले नुसतं पानी पी ग्यात. आज जेवाशिवाय जाऊ देवाव नही."

मागच्या वेळी नुसतं पाणी पिऊन गेलो म्हणे! मी त्या बाईंना जन्मात पहिल्यांदा पाहत होतो.

अक्का भाकरी थापायला आत गेल्या. ओसरीवर आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मी वसंताला सगळं सांगितलं. स्टेशन, बाक, सुटलेली गाडी, अँटेना.

"मग तो कोण होता, सर?"

"माहीत नाही रे."

"अक्काने पाणी दिलं त्यांना. भाऊ बोलला त्यांच्याशी." मग तो म्हणाला, "एक सांगू? ते विषयाबद्दल सगळं बोलले. पण त्या हसण्याबद्दल काहीच नाही. मी वाट बघत होतो."

मी चपापलो. बाकावर बसून मी त्याच्या विषयाचा सगळा विचार केला होता... माफीचा शब्द मात्र मनात आलाच नव्हता.

वाचकांपैकी कुणी म्हणेल, मुलाला स्वप्न पडलं असेल. मग अक्कांना? भावाला? मी खूप डोकं चालवलं. कारण असणारच, असं अजूनही म्हणतो, पण मला ते आजतागायत सापडलेलं नाही. आणि त्या दुपारी ओसरीवर बसलेलो असताना, आतून भाकरीचा वास येत असताना, मला ते शोधावंसंही वाटलं नाही. एवढंच कळत होतं की जो कुणी येऊन गेला, त्याने माझं बाकी सगळं काम केलं आणि एक काम माझ्यासाठी ठेवलं.

मी म्हणालो, "वसंता, तुझं म्हणणं ऐकून न घेता मी सगळ्यांसमोर तुला हसलो. तुझ्या घरी यायला निघालो आणि भिऊन परत फिरलो. मग आलो होतो असं तुला मानू दिलं. माझं चुकलं. मला माफ कर."