मुकादमाचा पेला

माएंग दोसिकच्या छातीत तेवीस वर्षांची खाण साठली होती. कोरियातल्या ताएबेकच्या कोळशाने त्याला पेन्शन दिली, नाकात ऑक्सिजनची नळी दिली आणि चाकांवरचं नळकांडं जन्माचा सोबती करून दिलं. कोरोना आला तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, बाकीच्यांचं आजारपणावर भागेल, तुमचं भागायचं नाही. दहा महिने तो उंबऱ्याबाहेर पडला नाही.

पण खाणीतल्या योम मुकादमाची ऐंशी भरली. दोसिक म्हणाला, नुसतं तोंड दाखवून येतो. बायको म्हणाली, "दाखवू नका, झाकून ठेवा."

बंद खिडक्यांच्या खोलीत सात म्हातारे, सगळ्यांचे मास्क हनुवटीखाली. तव्यावर डुकराचं चरबीदार मांस. चरबीने कोळशाची धूळ धुऊन निघते, असं ही मंडळी चाळीस वर्षं मानत आली. फुप्फुस एकाचंही धुतलं गेलं नाही, पोटं तेवढी सुटली. खोकून ज्यांत थुंकलं ते कागदाचे बोळे कोशिंबिरीच्या पानांना टेकून पडले होते.

मुकादमाने आपला पेला रिकामा केला, ओठ तळव्याने पुसले आणि त्याच हाताने तो भरून पुढे केला. वडीलधाऱ्याचा पेला धाकट्याने दोन्ही हातांनी घ्यायचा, तोंड बाजूला वळवून संपवायचा. हा पाच तोंडांतून फिरून आलेला. काठावर चरबीची तकाकी आणि किमचीच्या लोणच्याचा लाल तुकडा.

"मुकादम, डॉक्टरांनी मना केलंय."

"अरे, दारूत जंतू जगतो होय? खाणीतही तू असाच, नाकाला फडकं बांधून नव्या नवरीसारखा. मी सोडायला लावलं, तेव्हा कुठे माणसांत आलास."

सगळे हसले. सवयीने दोसिकही हसला. मग त्याला दिसलं की आपले दोन्ही हात पुढे झालेत आणि पेला त्यांत आहे. चाळीस वर्षांपूर्वी फडकं सोडलं ते याच हातांनी, याच माणसाच्या शब्दावर.

रीतीप्रमाणे त्याने तोंड बाजूला वळवलं. मग खांदा वळवला, मग पाठ. नळकांडं ओढत, पायमोज्यांनिशी तो थेट दाराबाहेर गेला.

"पेला घरी न्यायचा विचार दिसतोय," आतून कुणीतरी म्हणालं.

त्याने दारू बर्फात ओतली आणि पेला पायरीवर पालथा घातला. घोटभरही प्यायला नव्हता. तरी दम लागेपर्यंत तो बर्फाने हात चोळत राहिला.