सिस्टरांचा उतारावरचा वॉर्ड

टेकडीच्या उतारावर, जिथे रस्ता संपतो आणि रान सुरू होतं, तिथलं शेवटचं घर सिस्टरांचं. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण टेकडीवर त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. जन्म बाळंतिणींच्या वॉर्डात गेलेला. अशा बाईने घरी बसून करावं काय? त्यांनी अंगणाचाच वॉर्ड केला. सकाळी चहाच्या आधी राउंड. हातात कात्री, खिशात सुतळी, पायात गमबूट. कुठल्या रोपाने मान टाकली, कुणाला कीड लागली, हरणांनी कुणाचा शेंडा पळवला, याची कडक चौकशी. हरणं कोवळ्या झाडांची साल ओरबाडतात, म्हणून सिस्टर खोडांना जुन्या चादरींच्या पट्ट्या गुंडाळत, आणि त्या इतक्या सफाईने, की नवख्या माणसाला वाटावं या घरात झाडांचे पाय मोडतात.

पाखरांच्या पाण्याची भांडी रोज गरम पाण्याने धुतली जात. खारींना दाणे मिळत, पण ठरल्या वेळी आणि ठरल्या दगडावर. खिडकीत येऊन आगाऊपणा करणारीला एक दाणा मिळायचा नाही. "एकीला दिलं की सगळ्या डोक्यावर बसतील," असं सिस्टर म्हणत. खारींना शिस्त लावायला निघालेली बाई जगात दुसरी नसेल, आणि खारींनी ती अजून लावून घेतलेली नाही ही गोष्ट वेगळी.

कामं ऋतूंप्रमाणे ठरलेली. पावसात पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडायचं, पाणी वाहून जाण्याचे चर मोकळे ठेवायचे. पाऊस सरला की छपरावर झुकलेल्या फांद्या छाटायच्या. आणि पानगळ झाली की वर्षातलं सगळ्यात मोठं काम, म्हणजे घर आणि रान यांच्यामधला पट्टा झाडून लख्ख करायचा. उन्हाळ्यात रानात वणवा लागलाच तर त्याला पुढे सरकायला वाळकं पानसुद्धा मिळू नये, यासाठी. टेकडीवरचं प्रत्येक घर हे करतं आणि सगळे एकमेकांकडे हातभार लावायला जातात. सिस्टरही जात, सगळ्यांच्या आधी जात. पण त्यांच्या अंगणात कुणी खराटा उचलला की, "ठेवा हो तो, मी करते!" कुणाला 'जरा हात लावता का' म्हणणं त्यांच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. मोडेन पण वाकणार नाही, असा सगळा कारभार.

यंदा नेमकं त्यावरच घोडं अडलं होतं. पावसाळ्यात सिस्टर पायरीवरून घसरल्या. पाय मुरगळला, उठता येईना. शेजारचं घर कंडक्टरांचं, एका हाकेवर. हे गृहस्थ बसच्या नोकरीतून निवृत्त झालेले, आवाज अजून बसमधलाच. पण सिस्टर अर्धी सकाळ रिमझिम पावसात तोंड मिटून बसून राहिल्या. कंडक्टर उसनी नेलेली शिडी परत द्यायला आले तेव्हा त्यांना ही मूर्ती दिसली.

"अहो, हाक का नाही मारली?"

"तुमची चहाची वेळ होती," सिस्टर म्हणाल्या.

ही बातमी खाली शहरात लेकीपर्यंत गेली. लेकीची नोकरी लिफ्टची तपासणी करायची. तिला कुठेही काहीतरी सैल झालेलंच दिसतं. ती तडक वर आली आणि म्हणाली, "आई, माझ्याकडे खोली तयार आहे. तळमजला आहे, न्हाणीघरात धरायला कठडे बसवलेत. चल." आई म्हणाली, नाही. लेक म्हणाली, हो. दोघी एकाच मुशीतल्या, त्यामुळे हे बराच वेळ चाललं. शेवटी लेकीने अट घातली. "पानगळीनंतर मी येईन. तोवर पट्टा साफ झालेला दिसला, तर पुन्हा विषय काढणार नाही. नाही झाला, तर सामान बांधायचं."

"मंजूर," सिस्टर म्हणाल्या. मनात म्हणाल्या, पट्टा काय, डोळे मिटून साफ करीन.

आणि केलाही असता. अर्ध्याहून जास्त काम उरकलं होतं. एका दुपारी वाटेवरच्या पाचोळ्याच्या मोठ्या ढिगाला त्यांनी दाताळं लावलं, तर ढिगाच्या पायथ्याशी गवतात काहीतरी मऊ दिसलं. सशाची तीन पिल्लं. मुठीएवढी, एकमेकांना चिकटून, डोळे उघडे, हालचाल शून्य. आईचा पत्ता नाही. वर गार वारा सुटलेला.

यापुढे सिस्टरांनी काही ठरवलं असं म्हणता यायचं नाही. नवजात बाळ उघड्यावर दिसल्यावर त्यांचे हात त्यांना विचारत नाहीत. बुटांच्या खोक्यात लोकर अंथरली गेली, खाली गरम पाण्याची पिशवी आली, खोकं चुलीजवळ गेलं. दूध कोमट करून ड्रॉपर उकळून झाला, तोवर कंडक्टर डोकावले.

"यांची आई कुठंय?"

"गेली टाकून. असतात अशा," सिस्टर कडाडल्या. "ते झाकण लावा आधी, वारा येतोय."

पिल्लं काही दूध घेईनात. सिस्टर तिन्हीसांजेपर्यंत ड्रॉपर घेऊन बसल्या. मग मान मोकळी करायला उठल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेल्या, तर बाहेर ढिगापाशी एक चांगली धडधाकट सशीण उभी होती. तिने गवत हुंगलं. ढिगाला फेरी मारली. पुन्हा त्याच जागी येऊन हुंगलं. मग मागच्या पायांवर उभी राहून तिने सगळीकडे पाहिलं, आणि पुन्हा फेरी मारायला लागली.

सिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. ती टाकून गेली नव्हतीच. सशिणीची रीतच ती, दिवसभर पिल्लांपासून लांब राहायचं, म्हणजे शिकाऱ्याला माग लागत नाही, आणि अंधार पडायच्या वेळी येऊन पाजायचं. सगळ्या नोकरीत बाळ पळवल्याचा ठपका ज्यांच्यावर आला नाही, त्या सिस्टरांनी म्हातारपणी एका आईची तीन बाळं पळवली होती.

"उठा कंडक्टर!" त्या खोकं घेऊन स्लिपरवरच धावल्या. सशीण टुणकन रानात गेली. सिस्टरांनी पिल्लं होती तशी, होती तिथेच ठेवली आणि परत येऊन दिवा मालवून खिडकीशी उभ्या राहिल्या. शेजारी कंडक्टर. दोघंही श्वास रोखून. सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. बऱ्याच वेळाने गवत हललं. सशीण आली, पिल्लांवर वाकून बसली, आणि पिल्लं तिच्या पोटाखाली शिरली. तेव्हा कुठे सिस्टरांचा जीव भांड्यात पडला.

कंडक्टरांना गप्प राहण्याची सवय नाही. "बघा, ऊब दिली, मऊ अंथरलं, दूध दिलं. तरी त्यांना हवं होतं ते गवतच. तुमची लेकसुद्धा तुम्हाला खोक्यातच घालून नेणार म्हणा की."

"चहा घ्या आणि घरी जा," सिस्टर म्हणाल्या. पण ते वाक्य त्यांच्या डोक्यातून काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशीपासून वॉर्डाचा नियम लागू झाला. बाळंतिणीला हलवायचं नाही. ढिगाभोवती काठ्या रोवून चादरीच्या पट्ट्या बांधल्या, आत कुणी जायचं नाही, सिस्टरांनीसुद्धा. दव अजून पडत होतं, वणव्याच्या दिवसांना अवकाश होता, तोवर पिल्लं मोठी होऊन आपल्या वाटेने गेली असती. पण अडचण अशी, की हातगाडी जायची एकुलती एक वाट त्याच ढिगाजवळून. ती बंद झाली. आता पट्ट्यातला उरलेला पाचोळा चादरीत भरून, पाठीवर घेऊन, खड्या बाजूने वर चढवायचा आणि खताच्या खड्ड्यात टाकायचा. सिस्टर एक खेप करत, कठड्याला धरून धापा टाकत आणि पुन्हा खाली जात. त्यांनी झाडलेल्या जागेवर वारा मागून नवी पानं आणून टाकत होता. लेक यायचा दिवस जवळ आला, आणि पट्टा जिथल्या तिथे.

"ढीग हलवा आणि मोकळ्या व्हा," कंडक्टर कुंपणावरून म्हणाले. "ससा काय, कुठेही राहील. घर घालवताय का त्याच्यापायी?"

"माझं घर गेलं तर मला शहरात खोली आहे," सिस्टर म्हणाल्या. "तिचं गेलं तर तिने कुठे जायचं?"

कंडक्टर आपला खराटा घेऊन अंगणाकडे वळले.

त्या संध्याकाळी कंबर धरली. खेप अर्ध्यात टाकून सिस्टर चढावरच बसल्या. रान सोनेरी झालं होतं, पाखरं घराकडे येत होती, पाण्याच्या भांड्यावर दोन बुलबुल भांडत होते, आणि हे सगळं आता सोडून जावं लागणार होतं. त्या उठल्या आणि कंडक्टरांच्या फाटकाशी गेल्या. हवेबद्दल बोलल्या. कंडक्टरांच्या खोकल्याची चौकशी केली. त्यांच्या पन्हळीत पानं अडकलीत हे निदर्शनास आणून दिलं. नमनालाच घडाभर तेल झाल्यावर फाटकाच्या कडीकडे बघत म्हणाल्या, "मला एकटीला जमत नाहीये. येता का जरा?"

कंडक्टरांच्या हातातला खराटा पडला. "काय?"

"ऐकू आलं नसेल तर राहू द्या."

"आलं, आलं! पण पुन्हा एकदा म्हणा ना. थांबा, बायकोला बोलावतो, तिचा विश्वास बसायचा नाही."

सिस्टर रागाने लाल झाल्या, पण पुन्हा म्हणाल्या. बायकोसमोर म्हणाल्या.

सकाळी दार उघडलं तर अंगणात अख्खी टेकडी लोटलेली. सुतार आणि त्याची बायको, वरच्या घरातले तिघे भाऊ, थर्मास घेऊन मास्तरीणबाई, कंडक्टर सहकुटुंब. जो तो आपापला खराटा घेऊन. बिचारे किती वर्षं या आमंत्रणाची वाट बघत होते कुणास ठाऊक. सिस्टरांनी फाटकातच सगळ्यांना सूचना दिल्या. चादरीच्या पट्ट्यांच्या आत पाऊल नको, आपटाआपटी नको आणि मोठ्याने बोलणं तर मुळीच नको. पाच मिनिटांत कामाला रंग चढला, पण सगळा मूकपणे. चादरी या हातातून त्या हातात वर जात होत्या. जन्मभर ओरडण्यात गेलेले कंडक्टर माणसांची रांग लावत कुजबुजत होते, "पुढे सरका, पुढे जागा आहे." तिघे भाऊ हसू दाबून दाबून लाल झाले होते. सिस्टर ढिगामागच्या उतारावर खाली वाकून पाचोळा भरत होत्या. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

लेक नेमकी तेव्हाच आली, एक दिवस आधी. तिने वळणावरून पाहिलं. आईच्या अंगणात माणसं जमलेली. सगळी ओळखीची, सगळी गप्प. मान खाली, कुणी कुणाच्या कानात बोलतंय. आणि आई कुठेच नाही.

बॅग रस्त्यावर टाकून ती धावत सुटली आणि फाटकातून जिवाच्या आकांताने ओरडली, "आई!"

सगळी टेकडी एकदम वळली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "शूऽऽऽ!"

उतारावरून केसांत पानं अडकलेलं एक डोकं वर आलं. "ओरडतेस काय?" सिस्टर दबक्या आवाजात खेकसल्या. "बाळंतीण आहे इथे!"

लेक होती तिथे मटकन पायरीवर बसली. आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम सुरू झालं. सिस्टर वर येऊन तिच्याशेजारी बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. खोकं, ड्रॉपर, सशिणीच्या फेऱ्या.

"पण ही सगळी माणसं?" लेकीने विचारलं.

"मी बोलावली."

"तू?"

"दोनदा म्हणाल्या," कंडक्टर कुजबुजले. "आम्ही साक्षीदार आहोत."

सिस्टरांनी हात झटकले. शब्दाला पक्की बाई. "तरी पट्टा पुरा होणार नाही. तो ढीग तसाच राहायचा. अट म्हणजे अट, मी हरले. पिल्लं गेली की सामान बांधते."

लेकीने नाक पुसलं. "आई, मला कुठे तुझा पट्टा हवा होता गं? तू पडलीस आणि हाक मारली नाहीस, तेच मला खात होतं. डोळे मिटले की तू दिसायचीस, पायरीवर बसलेली, तोंड घट्ट मिटून. तू हाक मारणार असशील तर राहा ना इथे. मी कोण नेणारी?"

लेकीचं डोकं सिस्टरांनी खांद्याशी ओढून घेतलं आणि तिच्या केसांना आपल्या हाताची माती लागतेय हे दिसत असूनही हात काढला नाही.

मग कामाची आठवण झाली. उठायला गेल्या, तर गुडघ्याने साफ नकार दिला. लेकीने दोन्ही हात धरून ओढलं, पण तिला पुन्हा हसू फुटलं होतं आणि अंगात जोर राहिला नव्हता. ओढता ओढता तीच आईच्या मांडीवर येऊन पडली. सिस्टरांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि बाळंतिणीला ऐकू जाणार नाही पण शेजाऱ्याला नक्की जाईल अशा बेताने आवाज दिला.

"अहो कंडक्टर, इकडे या. आम्हा दोघींना उठवा."