चकतीचाट्या तेलेसोन

तेलेसोनचा सारा जन्म कातडी कमावण्यात गेला. अथेन्सच्या वेशीबाहेर, नदीकाठी, दीनियास शेठच्या कारखान्यात. चुना, ओकची साल, आणि जेवताना नाव काढू नये असं आणखी बरंच काही, यांत हात बुडवून बुडवून साठीपर्यंत त्याची बोटं पार मेली. निखारा उचलला तरी चटका कळत नसे. अंगाचा वास मात्र शाबूत राहिला. आता त्याच्या जागी त्याचा मुलगा मेनोन राबत होता.

म्हातारा पहाटे उठून न्यायालयाकडे निघे. गळ्यात स्वतःचं नाव कोरलेली पितळी पाटी. निवाड्याला बसणारे पंच सोडतीने निवडत; तीत पाटी निघाली की स्वारी ऐटीत आत जाई. बाकावर त्याच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राही. ती वासामुळे राही, पण तेलेसोन तो स्वतःचा मान समजे, आणि त्याचा हा समज कोणी मोडला नाही. रस्त्यात दीनियास आला तर तो भिंतीला चिकटून वाट देई. न्यायालयात मात्र दीनियासचं मत एक आणि आपलंही एकच, हे तो दारू न पितासुद्धा चारचौघांत सांगे.

एक गोष्ट तो कोणाला सांगत नसे. मत द्यायला प्रत्येकाला दोन चकत्या मिळत, मधोमध आखूड दांडी असलेल्या. पोकळ दांडीची फिर्यादीची, भरीव दांडीची आरोपीची. दांडीची टोकं अंगठ्याने नि बोटाने झाकायची, भोक चाचपून ओळखायचं, हवी ती पितळी रांजणात टाकायची आणि नको ती लाकडी. कोणाचं मत कुठे गेलं हे कोणाला कळता कामा नये. तेलेसोनला आता भोक लागतच नसे. म्हणून चकत्या घेतानाच तो बघून ठेवी, पोकळ उजव्या हातात, भरीव डाव्या. एवढ्यावर त्याचं निभत होतं.

त्या दिवशी त्याच्या वाट्याला खटला आला तो दीनियासचाच. दीनियासने पाणवठ्यावर मोस्कोस नावाच्या दिवे बनवणाऱ्याला काठीने झोडपलं होतं. कारण काय, तर त्याने वाट दिली नाही.

मोस्कोसने कोणाकडून तरी भाषण लिहून घेऊन पाठ केलं होतं. अर्ध्यावर विसरला. बोलण्याची वेळ मोजणाऱ्या मडक्यातून पाणी गळत राहिलं, लोक खाकरू लागले. शेवटी तो म्हणाला, "पुढचं आठवत नाही मला. काठी आठवते. उरलेलं पाणी ओतून टाका."

दीनियासने मात्र पाण्याचा थेंबन् थेंब वापरला. शहरासाठी सज्ज केलेलं लढाऊ गलबत झालं, आजोबांच्या जखमा झाल्या, मग तीन पोरं पुढे उभी करून रडवली. बोलला इतकं सुरेख की तेलेसोनचेही डोळे पाणावले. डोळे पुसता पुसता त्याने ठरवून टाकलं की मत मोस्कोसला द्यायचं. आयुष्यभर भिंतीला चिकटून त्याची पाठ सोलवटली होती.

कठड्यापलीकडे दीनियासचा मुकादम लिकॉन उभा राहून एकेकाचे हात न्याहाळत होता. मेनोनचं काम त्याच्याच हातात. तेलेसोनने चकत्या घेतल्या, पाहिल्या, मुठी मिटल्या. इतक्यात मागच्याने धक्का दिला आणि दोन्ही चकत्या फरशीवर घरंगळल्या.

त्याने त्या झटकन झाकून उचलल्या खऱ्या, पण आता कुठली कुठे? उघडून बघावं तर लिकॉन बघणार. अंदाजाने टाकावी तर मोस्कोसला मारणाऱ्या काठीला आपलाच हात लागायचा. मागून आवाज आला, "सरका की हो, अंडी उबवताय का?"

तेलेसोनने उजवी मूठ तोंडाशी नेली आणि दांडीच्या टोकाला जीभ लावली.

आमच्या अथेन्समध्ये माणूस सुटं नाणं गालात ठेवतो, त्यामुळे म्हातारा चकतीला नाणं समजला असंच सगळ्यांना वाटलं. "म्हातारबा, पंचांची आजची मजुरी मिळायची आहे अजून. चकती आहे ती, गिळू नका." न्यायालय खदखदून हसलं. लिकॉन तर कठड्यावर वाकून हसला. जिभेला भोक लागलं. तेलेसोनही बावळटासारखा हसला आणि ती चकती पितळी रांजणात टाकून पुढे गेला.

दीनियास थोडक्यात हरला.

तेव्हापासून गल्लीत त्याचं नाव चकतीचाट्या पडलं. ते त्याने पचवलं. पण काही दिवसांनी मेनोन कामावरून आला तो जेवायलाच बसेना.

"बाबा, लिकॉन विचारत होता."

"काय?"

"चकती चाटताना तुझा बाप शुद्धीवर होता का, म्हणे. नसेल तर सोडून देऊ. असेल तर मला त्याच्याशी बोलायचंय." मेनोनने मान खाली घातली. "मलाही सांगा एकदाचं. सगळे माझ्यासमोर जीभ काढून दाखवतात. भान होतं का तुम्हाला?"

तेलेसोनने मुलाकडे पाहिलं. पोरगा गुणी होता, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. शिवाय कोणाला मत दिलं हे ज्याचं त्याने पोटात ठेवायचं. ते पोटच्या पोराला सांगितलं, तर मग आपण चकत्या झाकायच्या तरी कशाला?

"नव्हतं," तो म्हणाला. "हल्ली समजत नाही रे मला."

मेनोनने सुटकेचा श्वास सोडला, आणि तो म्हाताऱ्याला फार लागला.

"मग उद्यापासून तिकडे जायचं नाही, बाबा. पुरे झालं हसं. पाटी द्या इकडे."

तेलेसोनने गळ्यातली पाटी काढली. देण्याआधी स्वतःच्या नावावरून अंगठा फिरवून पाहिला. अक्षरं लागली नाहीत. मग त्याने ती मुलाच्या हातात ठेवली.