कव्हरवरची पाठ

क्रेनभाऊंचा धंदा लोकांची घरं हलवण्याचा. म्हणजे सामान हलवायचे, घरं आपली जागेवरच राहायची. फ्रिज, तिजोऱ्या, एकदा तर आजोबांसकट आरामखुर्ची, असलं काय काय त्यांनी जिन्यांवरून चढवलं-उतरवलं होतं. फक्त स्वतःच्या घरातलं लोखंडी कपाट हलवायचं म्हटलं, की त्यांच्या कमरेत उसण भरायची. वहिनी म्हणायच्या, "अहो, निम्मी खिडकी झाकली जाते त्यानं." हे म्हणायचे, "अगं, उजेडानं पडदे विटतात."

तर या क्रेनभाऊंची एक कथा होती, आणि गल्लीत ती कोणालाच खरी वाटत नव्हती. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी एका स्टुडिओत पियानो पोचवला. पुरुषांनी कसं नटावं, कुठलं अत्तर लावावं हे शिकवणारं एक गुळगुळीत मासिक होतं, त्याचा संगीत विशेषांक निघायचा होता. पियानो आला, मॉडेल काही उगवला नाही. फोटोग्राफरनं घायकुतीला येऊन ह्यांनाच काळा कोट चढवला आणि पाठमोरं स्टुलावर बसवलं. कोट पुढून मिटेना, तर पोटावरून सुतळीनं बांधला. कमरेखालचं फोटोत येणार नव्हतं, म्हणून खाली हाफ पँट तशीच.

"कव्हरवर आलो मी!" क्रेनभाऊ सांगायचे, आणि लोक फिदीफिदी हसायचे. सगळ्यात जोरात हसायचे त्यांचे साडू. विमा कंपनीतला माणूस, पुराव्याशिवाय स्वतःच्या वाढदिवसालाही न येणारा.

परवा दाढ दुखली म्हणून क्रेनभाऊ दाताच्या डॉक्टरांकडे गेले, आणि तिथल्या टेबलावरच्या जुन्यापान्या मासिकांत तोच अंक! दाढ विसरले. अंक मागून घेतला आणि रविवारी साडू-मेहुणी चहाला आल्यावर टेबलावर आपटला.

साडूंनी चष्मा लावला. "पाठ आहे खरी. पण तुमचीच कशावरून?"

क्रेनभाऊ वळले आणि श्वास रोखून उभे राहिले.

साडूंनी एकदा कव्हर पाहिलं, एकदा ह्यांना. "हा माणूस कलावंत वाटतो, साडूभाऊ. तुम्ही गोदाम वाटता."

मेहुणीला चहाचा ठसका लागला. क्रेनभाऊ रडकुंडीला आले. एवढी वर्षं खोटारडे ठरले, आता अंक हातात असूनही तेच? "अगं, तू तरी सांग यांना! माझी पाठ तुला माहीत नाही?"

"माहीत आहे ना," वहिनी म्हणाल्या. "काम सांगितलं की तीच तर दिसते. सांगते, पण आधी कपाट."

"पाहुण्यांसमोर?"

"पाहुणे आहेत म्हणूनच."

एकीकडे इज्जत, दुसरीकडे कपाट. क्रेनभाऊंनी बाह्या सरसावल्या, कपाटाला खांदा लावला आणि रेटा दिला. कपाट कण्हलं, वीतभर सरकलं. एवढ्यात साडू ताडकन उठले.

"थांबा! हलू नका!"

"अहो, अंगावर येतंय ते!"

"येऊ द्या!" साडूंनी अंक त्यांच्या पाठीशेजारी धरला. जोर लावताना डावा खांदा खाली गेला होता, मान किंचित उजवीकडे कलली होती. कव्हरवर हुबेहूब तेच. साडू पुटपुटत वाचू लागले, "खाली लिहिलंय, 'सुरांच्या भारानं झुकलेला खांदा'..."

"कसले सूर!" कपाटाला खेटूनच क्रेनभाऊ ओरडले. "जिन्यानं वर नेला होता तो पियानो! खांदा सरळ व्हायच्या आत फोटो काढला मेल्यानं!"

साडूंनी चष्मा काढून पुसला. "मानलं बुवा. तुम्हीच."

"गल्लीत सांगाल?"

"सांगेन."

"जरा आणखी डावीकडे," वहिनी म्हणाल्या. साक्ष द्यायची आता गरजच उरली नव्हती, पण खिडकी अजून मोकळी व्हायची होती.

साडू शब्दाचे पक्के. तासाभरात अर्धी गल्ली अंक बघायला दारात. पण नुसता अंक पाहून कोणाचं समाधान होईना. जो तो म्हणे, "आम्हालाही तो खांदा दाखवा की!" आणि खांदा दिसायचा तर काहीतरी जड उचलायला हवं. क्रेनभाऊ फुशारून एकेकाला पाठ दाखवत राहिले. संध्याकाळपर्यंत दिवाण, शिलाई मशीन, धान्याची कोठी, सगळं घरभर फिरून नव्या जागी जाऊन बसलं. वहिनी हातात चहाचा कप घेऊन फक्त जागा सांगत होत्या.