डुमसच्या घरातली डाळ

कुकरमधून डाळीचा वास आला की मला सुरतेतलं माझं एक खोटं आठवतं. शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. मी बँकेत होतो, बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि मोठ्या मुलीचा खोकला जात नव्हता, म्हणून गिरण्यांच्या धुरापासून लांब, डुमसला समुद्राजवळ घर शोधत होतो. ओट्यावरून लाटा दिसणारं एक घर मला इतकं आवडलं, की तिथल्या विहिरीचं पाणी खारट लागूनही बायकोला मी "गोड आहे" असं सांगितलं. राहायला गेलो त्या संध्याकाळी तिने डाळ लावली. खिडकीतून ओल्या वाळूचा वास येत होता आणि शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या. झाकण काढलं तर डाळ टणकच. दारातून शेजारीण म्हणाली, "बेन, आ पाणीमां दाळ नहीं चढे." म्हणजे या पाण्यात डाळ शिजतच नाही. पिण्या-स्वयंपाकाचं पाणी नाक्यावरच्या नळावरून आणावं लागणार होतं. बायको मोठीला म्हणाली, "तुझ्या बाबांना हेच पाणी गोड लागलं हो!" मी कळशी उचलली, पण मी बँकेत गेल्यावर ती वाहायची होती तिलाच, सात महिन्यांचं पोट घेऊन. परवा ती कुकर लावत होती, तेव्हा कुठे मला तिला सांगता आलं, "ते पाणी मला खारटच लागलं होतं गं. चुकलं माझं."